ठरवून नेलेली गाडी : उरवडे ते हरिहरेश्वर

गटाच्या सहलीसाठी गाडी ठरवणे हा व्यवहार वरकरणी गाडीमालक आणि प्रवासी या दोन पक्षांचा दिसत असला, तरी त्यात चालक हा तिसरा पक्ष असतो, आणि ठरलेल्या भावात त्याच्या वाट्याला नेमके काय येते, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. किलोमीटरचा दर, इसार, टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता अशा बाबींवर बोलणी होतात, चहा होतो, गाडीची तारीख पक्की होते. परंतु पहाटे निघालेला चालक रात्री किती वाजता घरी पोचेल आणि मधल्या वेळात तो कोठे पाठ टेकेल, हा प्रश्न त्या बोलण्यांत येत नाही. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुक्यातून कोकण किनाऱ्यावर जाणाऱ्या सहलींचा विचार या प्रश्नाच्या अंगाने करण्यासारखा आहे, कारण येथे अंतर, घाट आणि दरआकारणी या तिन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की, स्वस्त पडणारी सहल हीच चालकाच्या दृष्टीने सर्वांत अवघड सहल ठरते.

उरवडे हे मुळशी तालुक्यातील गाव पिरंगुटच्या जवळ असून, गेल्या काही दशकांत या पट्ट्यात कारखाने उभे राहिल्यामुळे गावाची रोजची लय शेतीइतकीच कारखान्यांच्या पाळ्यांवरही चालू लागली आहे. जून २०२१ मध्ये येथील एका रासायनिक कारखान्यात लागलेल्या आगीमुळे हे नाव दुर्दैवाने महाराष्ट्रभर पोचले. पिरंगुटहून पश्चिमेकडे जाणारा रस्ता पौड ओलांडून मुळशी धरणाच्या जलाशयाकाठाने ताम्हिणी घाटात शिरतो, घाट उतरून रायगड जिल्ह्यातील विळे येथे येतो आणि तेथे त्याला दोन वाटा फुटतात : एक कोलाडकडे, दुसरी निजामपूरमार्गे माणगावकडे. माणगावहून म्हसळा आणि पुढे श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर. म्हणजे ज्या गावाला समुद्र नाही, त्या गावाचा सर्वांत सरळ मोठा रस्ता समुद्राकडेच जातो, आणि उरवड्याहून हरिहरेश्वर सुमारे दीडशे किलोमीटरवर येते. हे अंतर मोठे चमत्कारिक आहे. एका दिवसात जाऊन येता येईल असे ते वाटते, पण एका दिवसात नीट विसावा घेऊन जाऊन येता येईल इतके ते कमी नाही.

या प्रवासासाठी कोणती गाडी घेता येते, हे ठरवताना मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. ज्या वाहनात प्रत्येक प्रवासी स्वतंत्र भाडे देऊन ठरलेल्या मार्गावर मधल्या थांब्यांवर चढतो-उतरतो, त्या वाहनाला टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो. एसटीची नेहमीची फेरी ही त्याचे ठळक उदाहरण होय. याउलट, संपूर्ण वाहन एकाच करारानुसार एका गटाला दिले जाते आणि वाटेत कराराबाहेरचा प्रवासी घेता येत नाही, तेव्हा ती कंत्राटी वाहतूक ठरते व तिचा परवाना वेगळा असतो. सहलीची मिनीबस किंवा 'ट्रॅव्हलर' या दुसऱ्या वर्गात मोडते. भाड्याने चालणाऱ्या वाहनाची नंबरपाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ओळखीच्या कोणाची पांढऱ्या पाटीची मोठी गाडी 'डिझेल आणि वर थोडे' अशा बोलीवर नेण्याची पद्धत गावोगावी टिकून आहे, आणि तिचा खरा तोटा दंडापेक्षा विम्यात असतो. परवान्याविना वाहन चालवणे हा विमा कराराचा मूलभूत भंग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात मानले आणि विमा कंपनीने दिलेली भरपाई वाहनमालकाकडून वसूल करण्याचा मार्ग मोकळा ठेवला. ओळखीत केलेला सौदा अपघातानंतर ओळखीच्याच माणसाच्या डोक्यावर येऊन बसतो, तो असा.

महाराष्ट्रात गाडी ठरवण्याची सवय सार्वजनिक बसच्याच छायेत वाढली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, आणि पुढे एसटी खेडोपाडी पोचली तशी 'प्रासंगिक करार' ही व्यवस्थाही लोकांच्या ओळखीची झाली. प्रासंगिक करार म्हणजे लग्न, यात्रा, सहल अशा एखाद्या प्रसंगापुरती महामंडळाची संपूर्ण बस चालकासह भाड्याने घेणे. त्यासाठी आगारात अर्ज करून रक्कम आगाऊ भरावी लागते आणि किलोमीटर आगारातून निघाल्यापासून आगारात परतेपर्यंत मोजले जातात. या मोजणीचा फटका आगारापासून दूर असलेल्या गावाला बसतो, कारण गटाने गाडीत पाय ठेवण्यापूर्वीच आणि सर्व जण घरी उतरल्यानंतरही मीटर चालूच असते. पुण्यातील आगारातून उरवड्याला येणारी बस सहलीला निघण्याआधीच पंचवीस-तीस किलोमीटर धावलेली असते. खाजगी मालक गावातला किंवा पिरंगुट-पौड परिसरातला असेल, तर हे रिकामे किलोमीटर जवळजवळ नाहीसे होतात. खाजगी गाडीकडे ओढा असण्यामागे आरामदायी खुर्च्या आणि गाणी यांच्याइतकेच हे साधे भूगोलाचे कारण आहे, याची दखल मात्र फारशी घेतली जात नाही.

रिकाम्या किलोमीटरांचा हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पाहायचा, तर गणेशोत्सवात मुंबईहून कोकणात जाणाऱ्या एसटीकडे पाहावे. तेथे वाडीतील चाकरमानी एकत्र येऊन 'गट आरक्षण' करतात, म्हणजे संपूर्ण बसची तिकिटे एकत्र काढून ती थेट आपल्या गावापर्यंत नेतात. २०२४ च्या उत्सवात महामंडळाने सुमारे ४,३०० जादा बसचे नियोजन केले होते. या बस भरून जातात आणि पुष्कळदा रिकाम्या परततात. ही तूट भरून काढण्यासाठी २०२५ मध्ये एकेरी गट आरक्षणावर ३० टक्के जादा आकारणी जाहीर झाली आणि टीका होताच ती मागेही घेण्यात आली. गट आरक्षण व प्रासंगिक करार दिसायला सारखे असले, तरी हिशेबात वेगळे आहेत : गट आरक्षणात प्रत्येकाचे तिकीट स्वतंत्र असल्याने महिलांना मार्च २०२३ पासून मिळणारी निम्म्या तिकिटाची आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मिळणारी मोफत प्रवासाची सवलत लागू पडते, तर करारात संपूर्ण बसचाच भाव ठरत असल्याने तिला तेथे जागा उरत नाही. केवळ पैशाकडे पाहिले, तर उरवड्याच्या महिला बचत गटाने नेहमीच्या एसटीने, गाड्या बदलत, निम्म्या तिकिटात श्रीवर्धनला जाणे सर्वांत स्वस्त. परंतु नेहमीची एसटी थांबत नाही. देवदर्शन होईपर्यंत, कोणाचे गुडघे दुखत असतील तोवर, किनाऱ्यावर मुलांचे मन भरेपर्यंत जी गाडी उभी राहते, तिच्यासाठी लोक जादा पैसे मोजतात. ठरवलेल्या गाडीचे भाडे आकारले जाते किलोमीटरवर, पण गटाला हवे असते ते तिचे ताटकळणे.

गाडीच्या आकाराचे गणितही याच ठिकाणी येते. पन्नास माणसांची मोठी बस भरली तर माणशी स्वस्त पडते, परंतु भजनी मंडळ, बचत गट किंवा एका भावकीतील चार घरे मिळून पन्नास माणसे एकाच तारखेला मोकळी होणे दुर्मिळ असते, आणि दिवेआगर किंवा हरिहरेश्वर येथील नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर मोठी बस वळवणे ही चालकाची परीक्षाच असते. त्यामुळे मधला आकार लोकप्रिय झाला. या आकाराला महाराष्ट्रात 'टेम्पो ट्रॅव्हलर' हे नाव चिकटले, ते आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने १९८७ च्या सुमारास आणलेल्या वाहनामुळे. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. सतरा सीटर किंवा सव्वीस सीटर असे बसण्याच्या जागांवरून तिचे प्रकार बोलले जातात. पिरंगुट परिसरात अशा गाड्या मिळणे सोपे जाण्याचे आणखी एक कारण म्हणजे कारखान्यांच्या पाळ्या. आठवडाभर कामगारांची ने-आण करणारी गाडी सुटीच्या दिवशी मोकळी असते आणि मालकाला तो दिवस वाया घालवणे परवडत नाही. यात गैर काही नसले, तरी त्या गाडीबरोबर तिचा चालकही आठवडाभराची पाळी संपवूनच सहलीला आलेला असू शकतो, हे गाडी ठरवणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

आता दराकडे वळता येईल. खाजगी वाहनांच्या भाड्याला मुळीच मर्यादा नाही, असा समज आढळतो, तो बरोबर नाही. २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार खाजगी कंत्राटी वाहनांना त्याच प्रकारच्या एसटी बसच्या प्रति किलोमीटर भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक आकारता येत नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा ही कमाल मर्यादाही आपोआप वर सरकली. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र लहान गाड्यांचा भाव स्थानिक चढाओढीतून ठरतो, आणि त्यात दरापेक्षा निर्णायक असते ती 'किमान रनिंग'ची अट. किमान रनिंग म्हणजे गाडी प्रत्यक्षात कितीही कमी धावली, तरी दररोज ठरावीक किलोमीटरांचे पैसे द्यावे लागणे. बाहेरगावच्या भाड्यासाठी ही अट बहुधा २५० किंवा ३०० किलोमीटरची असते.

उदाहरणादाखल समजा, दर किलोमीटरला ३० रुपये आणि किमान रनिंग २५० किलोमीटर आहे. उरवडे ते हरिहरेश्वर जाऊन-येऊन ३०० किलोमीटर धरले, तर एका दिवसाचे भाडे ९,००० रुपये होते. हीच सहल एका मुक्कामाची केली, तर धाव तेवढीच असूनही दोन दिवसांचे ५०० किलोमीटर मोजावे लागतात, म्हणजे १५,००० रुपये, शिवाय चालकाचा मुक्कामभत्ता आणि सर्वांचा राहण्याचा खर्च. सतरा माणसांत वाटले, तर नुसत्या गाडीचाच फरक माणशी साडेतीनशे रुपयांच्या घरात जातो. वर्गणी काढून जाणाऱ्या गटाला ही रक्कम टोचते आणि 'पहाटे चारला निघू, रात्री अकरापर्यंत परत येऊ' असा तोडगा निघतो. मालकाचीही त्याला हरकत नसते, कारण दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्या भाड्याला मोकळी होते. दरआकारणीची ही रचना दोन्ही पक्षांना एकदिवसीय सहलीकडे ढकलते, आणि तिचा भार तिसऱ्या पक्षावर पडतो.

हा भार किती, ते कायद्याच्या मापाने मोजता येते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने चालकाच्या कामासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, लांब पल्ल्याच्या किंवा सणासुदीच्या प्रसंगी दिवसाचे तास दहापर्यंत वाढवण्याची सवलत दिली, सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली, आणि कामाचा एकूण 'पसारा', म्हणजे कामावर रुजू झाल्यापासून सुटी होईपर्यंतचा सगळा काळ, मधल्या विश्रांतीसह बारा तासांत बसावा असेही म्हटले. हा अधिनियम पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आला. पहाटे चारला उरवड्याहून निघालेली गाडी रात्री अकराला परतते, तेव्हा पसारा एकोणीस तासांचा होतो, आणि गाडी काढणे, धुणे, डिझेल भरणे व शेवटच्या माणसाला दारात सोडणे हे त्यात धरलेलेही नाही. चाकावरचे तास कदाचित दहाच भरतील; परंतु मधले नऊ तास विश्रांतीचे असतात, असे म्हणणे म्हणजे कोकणातील दुपार ज्याने पाहिली नाही त्याचे बोलणे होय. किनाऱ्यावरच्या वाहनतळात, इंजिन बंद केल्यामुळे तापलेल्या पत्र्याखाली, सीटवर आडवे होऊन घेतलेली डुलकी ही झोप नव्हे. त्यात मूळ अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. मोटार वाहन अधिनियमाने तेच तास सर्व वाहतूक वाहनांच्या चालकांना लागू केले असले, तरी एका-दोन गाड्यांच्या मालकाकडे हजेरीपट नसतो, आणि हजेरीपट नसेल तर तपासायचे काय? युरोपीय महासंघात साडेचार तास वाहन चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि ती वाहनातील नोंदयंत्रावर उमटते. आपल्याकडे प्रवासी वाहनांत वेगनियंत्रक आणि स्थाननिदर्शक यंत्रे बसवली गेली, गाडी कोठे आहे आणि किती वेगाने धावते हे कळू लागले, पण ती चालवणारा किती वेळ जागा आहे हे त्यांतून कळत नाही.

घाटरस्त्यांवरील मोठ्या अपघातांची यादी वाचताना गटप्रवासाचे प्रमाण डोळ्यांत भरते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरकडे सहलीला निघालेली बस आंबेनळी घाटात कोसळली आणि तिच्यातील एकच जण वाचला. १५ एप्रिल २०२३ रोजी पुण्याकडून मुंबईला परतणाऱ्या वादक पथकाची बस खोपोलीजवळ बोरघाटात दरीत गेली, तेरा जण दगावले. २० डिसेंबर २०२४ रोजी पुण्याहून महाड तालुक्यात निघालेली लग्नाच्या वऱ्हाडाची बस ताम्हिणी घाटात उलटली, त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. या घटनांची कारणे एकसारखी नाहीत आणि त्या सर्वांच्या माथी चालकाचा थकवा मारणे अन्यायाचे होईल : आंबेनळीची बस सकाळीच निघालेली होती. मात्र घाट हा थकलेल्या आणि अनोळखी, अशा दोन्ही चालकांना सारखाच कठोर असतो, एवढे नक्की म्हणता येते. ताम्हिणीत तर पावसाळ्याचा वेगळाच हिशेब लागतो. जुलै २०२४ मध्ये तेथे चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दरडी आणि धुके यांच्या दिवसांत त्या रस्त्याने अंधारात वर चढणे, तेही किनाऱ्यावर दिवस घालवून, हा बेत स्थानिक चालक शक्यतो टाळतो. मुळशीतील चालक निवडण्याचा खरा फायदा येथे आहे, भावातील शे-दोनशे रुपयांच्या फरकात नाही.

किनाऱ्यावर पोचल्यावर गाडीचा प्रश्न संपतो असे नाही. श्रीवर्धन-दिवेआगर पाहून मुरूड-जंजिऱ्याला जायचे, तर राजपुरीच्या खाडीला वळसा घालण्याऐवजी दिघी-आगरदांडा फेरीबोटीने वाहनासह पलीकडे जाता येते. दक्षिणेला सावित्री नदीच्या मुखाशी बागमांडला-वेसवी ही तशीच सेवा आहे. बोटीचे भाडे वाहनाच्या आकारावर ठरते, म्हणून मिनीबस येथेही सोयीची ठरते. मात्र शेवटची बोट चुकली, तर वाचवलेले किलोमीटर दुप्पट होऊन अंगावर येतात. शाळांच्या सहलींचे प्रकरण याहून गंभीर आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले, आणि त्यानंतर किनाऱ्यावरील सहलींकडे पाहण्याची प्रशासनाची आणि पालकांची दृष्टी बदलली. शिक्षण खात्याची पूर्वपरवानगी, पालकांचे संमतीपत्र, मुलींसोबत शिक्षिका या अटी आता काटेकोरपणे पाहिल्या जातात, शैक्षणिक सहलींसाठी एसटी निम्म्या भाड्यात बस देते, आणि एसटीचा चालक महामंडळाच्या हजेरीपटावर असल्यामुळे त्याच्या तासांचा हिशेब निदान कागदावर तरी राहतो. शाळांनी एसटीचाच आग्रह धरावा, याला पैशाखेरीज हेही एक सबळ कारण आहे.

हा प्रवास एका दिशेचा नाही. किनाऱ्यावरील कोळी आणि आगरी समाजाचे मोठे आराध्य असलेली एकवीरा देवी पुणे जिल्ह्यातच, मावळात, कार्ल्याच्या लेण्यांपाशी आहे, आणि चैत्र शुद्ध सप्तमीच्या पालखीसाठी रायगड, ठाणे व मुंबईच्या कोळीवाड्यांतून भरलेल्या बस आणि टेम्पो घाट चढून वर येतात. मासेमारीचे दिवस सांभाळून काढलेली ही यात्रा असते, आणि तीही पुष्कळदा एका रात्रीत उरकायची, कारण गाडी दुसऱ्या दिवशी कोणा दुसऱ्याची ठरलेली असते. घाटमाथ्यावरचे लोक समुद्र पाहायला खाली उतरतात आणि समुद्रावरचे लोक देवी पाहायला वर चढतात. दोघांच्याही गाड्या त्याच चार-दोन घाटांत, त्याच रात्रीच्या वेळी परतीला लागलेल्या असतात.

ब्रिटनमध्ये १९८५ च्या वाहतूक अधिनियमातील एकोणिसाव्या कलमानुसार ना-नफा संस्थांना स्वतःच्या सदस्यांसाठी मिनीबस चालवण्याचा साधा परवाना मिळतो, त्यामुळे तेथील शाळा, चर्च, वृद्धांचे क्लब यांना व्यावसायिक वाहतूकदार न होताही एक सामाईक गाडी बाळगता येते. आपल्या कायद्यात अशी मधली पायरी नाही. बचत गटांच्या प्रभाग संघाने मिनीबस घेतली आणि गावांना भाड्याने दिली, तर त्याला परवाना, योग्यता प्रमाणपत्र, कर आणि विमा हे सर्व व्यावसायिक मालकाप्रमाणेच सांभाळावे लागेल. ही पायरी उद्या निर्माण होईल अशी लक्षणे नाहीत. तोवर बदल होण्याजोगी जागा करारातच आहे, आणि ती फार खर्चाची नाही. किमान रनिंगची अट रोजच्या हिशेबाऐवजी संपूर्ण फेरीवर मोजली, तर मुक्कामाचे भाडे एकदिवसीय भाड्याच्या जवळ येते आणि मालकाला बुडणारा दुसरा दिवस भरून देण्यासाठी ठोक थांबा-आकार लावता येतो. वरच्याच उदाहरणात ९,००० रुपयांवर अडीच-तीन हजारांचा असा आकार धरला, तरी गटाचे तीन हजार वाचतात. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या घरगुती निवासांत गटासाठी खोल्या घेताना चालकाच्या खाटेचा आणि जेवणाचा उल्लेख आधीच केला, तर यजमान सहसा नाही म्हणत नाहीत. अडचण होते ती रात्री नऊला, सर्वांची अंथरुणे घातली गेल्यावर, 'ड्रायव्हर कुठे झोपणार?' असे कोणी विचारले की.